धरण उशाला, कोरड घशाला: लेसोथोच्या पाण्याचा हिशेब

कात्से धरणाचं पाणी लेसोथोच्या डोंगरातून दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गला पाणी पुरवणाऱ्या व्हाल नदीच्या खोऱ्यात पोचतं तेव्हा वाटेत त्याला कुठेही पंपाने उचलावं लागत नाही. आधी ४५ किलोमीटरचा बोगदा, मग मुएला इथलं ७२ मेगावॉटचं वीजघर, मग आणखी ३७ किलोमीटरचा बोगदा आणि शेवटी अ‍ॅश नावाच्या एका लहानशा नदीचं पात्र. उतारच सगळं काम करतो. हेच पाणी कात्सेच्या काठावरच्या गावात न्यायचं म्हटलं तर मात्र पंप हवा, वीज हवी, वर टाकी हवी. तलाव दरीच्या तळाशी आहे आणि माणसं वर, डोंगराच्या खांद्यावर राहतात. त्यातल्या अनेक गावांतल्या बायका-मुली आजही झऱ्यावर जातात आणि भरलेलं भांडं डोक्यावर घेऊन चढ चढतात. खाली, त्यांच्या डोळ्यांसमोर, कोयनेच्या दोन तृतीयांश भरेल एवढा साठा पसरलेला असतो.

धरण उशाला आणि कोरड घशाला, असं आपण म्हणतो. ही म्हण ज्यांच्या तोंडून निघाली त्यांना लेसोथोचं नावही ठाऊक नसेल, पण त्या देशाची गेल्या चाळीस वर्षांची गोष्ट यापेक्षा कमी शब्दांत सांगता येणार नाही. ती गोष्ट मला आपल्या वाचकांपुढे ठेवायची आहे, कारण लेसोथोचा पाणीकरार जगात आदर्श म्हणून दाखवला जातो. दोन देश भांडले नाहीत, एकाने पाणी दिलं, दुसऱ्याने पैसे दिले, दोघांचं भलं झालं, असं त्याचं वर्णन होतं. माझं म्हणणं असं की हा करार अर्धाच न्याय्य आहे. पाण्याला किंमत आहे हे त्याने मान्य केलं, ही मोठी गोष्ट. पण ती किंमत राजधानी मासेरूत थांबली. देशाला आपल्या पाण्याचे पैसे मागायचा हक्क असेल, तर त्याच न्यायाने त्या पैशातला ठरलेला वाटा आणि पाण्याचा पहिला घोट मागायचा हक्क धरणाच्या काठच्या गावाला आहे. हे मेहेरबानी म्हणून नव्हे, करारातलं कलम म्हणून मिळायला हवं.

आधी देश समजून घेऊ. इंग्रजी स्पेलिंगवरून आपण लेसोथो म्हणतो, तिथले लोक लेसूतू म्हणतात. लोक बासोथो, भाषा सेसोथो. क्षेत्रफळ सुमारे ३०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक दशांशाच्या आत. लोकसंख्या सुमारे २३ लाख. चारही बाजूंनी एकच शेजारी, दक्षिण आफ्रिका. जगात हा एकच देश असा की ज्याची सगळी जमीन समुद्रसपाटीपासून १,००० मीटरच्या वर आहे. त्याचा सर्वांत खालचा बिंदूसुद्धा १,४०० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराइतक्या उंचीवर. सर्वांत उंच शिखर थबाना न्तलेन्याना, ३,४८२ मीटर. हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, वरच्या भागात बर्फ पडतं आणि गुराखी पोरं जाड लोकरी घोंगडी पांघरून मेंढरांमागे फिरतात. नाण्याचं नाव लोती, आणि लोती म्हणजे डोंगर. राष्ट्रीय ब्रीदवाक्य ‘खोत्सो, पुला, नाला’: शांतता, पाऊस, सुबत्ता. पावसाला ब्रीदवाक्यात जागा देणारा देश पाण्याकडे कसा बघतो हे वेगळं सांगायला नको.

पण हा देश डोंगराळ आहे तो केवळ निसर्गामुळे नव्हे, आणि इथेच आपल्याकडच्या पर्यटनी वर्णनांची गफलत होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या प्रदेशात लढाया, दुष्काळ आणि पळापळ चालू असताना मोश्वेश्वे नावाच्या एका तरुण सरदाराने १८२४ मध्ये आपली माणसं थाबा बोसिऊ या डोंगरावर नेली. ‘रात्रीचा डोंगर’ असा त्या नावाचा अर्थ. सपाट माथा, सरळ तुटलेले कडे, वर जायच्या मोजक्या वाटा आणि माथ्यावर पाण्याचे झरे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे वर्णन वाचून क्षणभर आपलाच गड आठवतो. गड पाण्यावर जगतो हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मोश्वेश्वेच्या हयातीत तो डोंगर कुणालाही जिंकता आला नाही. पळून आलेल्या वेगवेगळ्या टोळ्यांना त्याने आसरा दिला आणि त्यांतून बासोथो हे राष्ट्र उभं राहिलं.

त्या राष्ट्राकडे तेव्हा सुपीक मैदानही होतं. कॅलेडन नदीच्या पश्चिमेची ती काळी जमीन बोअर, म्हणजे डच वंशाच्या, वसाहतवाल्यांच्या ऑरेंज फ्री स्टेटने १८५८ आणि पुन्हा १८६५ ते १८६८ च्या लढायांत बळकावली. मोश्वेश्वेने ब्रिटिशांचा आश्रय मागितला, १८६८ मध्ये तो मिळाला, आणि १८६९ च्या तहाने जी सीमा आखली गेली तीत गव्हाची शेतं पलीकडे गेली आणि डोंगर अलीकडे राहिले. आज देशातली जेमतेम एक दशांश जमीन नांगराखाली येते, तीही पावसाने ओघळी पाडून कातरलेली. ही जखम अजून बुजलेली नाही. २०२३ मध्ये लेसोथोच्या संसदेत फ्री स्टेटवर, जो आता दक्षिण आफ्रिकेचा प्रांत आहे, हक्क सांगणारा प्रस्ताव मांडला गेला. व्यवहारात त्याचं काही होणार नाही, पण त्यामागची कळ खरी आहे. ज्यांची शेतं गेली त्यांच्याकडे विकायला दोनच गोष्टी उरल्या: माणसांचे हात आणि डोंगरातलं पाणी.

हात आधी गेले. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींनी शंभर वर्षं बासोथो पुरुष खाल्ले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्या खाणींत लेसोथोचे सव्वा लाखाच्या आसपास पुरुष होते, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम १६ लाख होती. गावात म्हातारे, बायका आणि पोरं. गिरणीच्या काळातल्या कोकणाला किंवा साताऱ्याच्या डोंगरी गावांना हे चित्र नवं वाटणार नाही. मनिऑर्डरवर चालणारं घर आणि गणपतीला दिसणारा बाप. खाणींचं मनुष्यबळ नंतर झपाट्याने घटलं आणि माणसं परत आली ती फुप्फुसं सिलिकाच्या धुळीने भरून. मग देशाची नजर दुसऱ्या मालाकडे वळली.

खरं तर जोहान्सबर्गची नजर त्या पाण्यावर आधीपासून होती. सोन्यामुळे वसलेलं हे महानगर कुठल्याही मोठ्या नदीवर नाही. लेसोथोतलं पाणी वळवण्याची कल्पना १९५० च्या दशकापासून कागदावर फिरत होती. स्वातंत्र्यानंतरचे पंतप्रधान लेआबुआ जोनाथन यांच्याशी बोलणी सुरू होती, तुटत होती. जोनाथन काही आदर्श लोकशाहीवादी नव्हते; १९७० ची निवडणूक हरताहेत असं दिसताच त्यांनी ती रद्द केली होती. पण पुढच्या काळात त्यांनी वर्णद्वेषी सरकारविरुद्ध लढणाऱ्या निर्वासितांना आसरा दिला. त्याची किंमत देशाने चुकवली. डिसेंबर १९८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या कमांडोंनी मासेरूत घुसून एका रात्रीत ४२ जणांना मारलं. जानेवारी १९८६ मध्ये तर सीमाच आवळली. चहूबाजूंनी वेढलेल्या देशाला इंधन आणि माल मिळेना. त्याच महिन्यात लष्कराने जोनाथन यांना हटवलं, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लष्करी सरकारने प्रिटोरियातल्या वर्णद्वेषी सरकारशी पाणीकरारावर सही केली.

ज्याला आदर्श करार म्हणतात त्याचा जन्म असा आहे. एका बाजूला गळा आवळणारा शेजारी, दुसऱ्या बाजूला निवडून न आलेलं सरकार, आणि ज्यांच्या दऱ्या बुडणार ती माणसं चित्रात कुठेच नाहीत. संसदेत चर्चा झाली नाही, कारण संसदच नव्हती. दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध असल्यामुळे जागतिक बँकेने कर्ज लेसोथोच्या नावावर दिलं आणि परतफेडीचा पैसा लंडनमधल्या एका न्यासातून फिरवण्यात आला. करार अशा जन्माचा असला म्हणून तो टाकाऊ ठरत नाही, हे मला मान्य आहे. १९९४ नंतरच्या लोकशाही दक्षिण आफ्रिकेने आणि निवडून आलेल्या लेसोथोनेही तो पुढे चालवला. पण गावांना विचारायचं त्या दिवशी जे राहून गेलं ते नंतरही कुणी पुरेसं भरून काढलं नाही.

आता कराराची चांगली बाजू, आणि ती मनापासून. दक्षिण आफ्रिकेपुढे दुसरा पर्याय होता: ऑरेंज नदीचं पाणी खाली, आपल्या हद्दीत आल्यावर अडवून पंपाने वर व्हालमध्ये चढवायचं. तो पर्याय महाग होता. लेसोथोत उंचावर अडवलं तर ते उताराने जाणार, म्हणजे विजेचा अवाढव्य खर्च वाचणार. ही जी बचत, तिच्यातला ५६ टक्के वाटा लेसोथोला आणि ४४ टक्के दक्षिण आफ्रिकेला, असं ठरलं. पाणी नेण्याचा सगळा खर्च दक्षिण आफ्रिकेने सोसायचा आणि वर रॉयल्टी द्यायची. १९९८ पासून पाणी वाहतंय. वर्षाला ७८ कोटी घनमीटर, आपल्या भाषेत साडेसत्तावीस टीएमसी. दिवसाचा हिशेब केला तर मुंबई महापालिका शहराला जेवढं पाणी पुरवते त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त.

मुंबईचं नाव मी सहज घेतलेलं नाही. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा यांच्या जोरावर मुंबई पाणी पिते, आणि त्यातली बहुतेक धरणं शहापूर आणि शेजारच्या तालुक्यांच्या हद्दीत आहेत. तानसा तर १८९२ चं. दर उन्हाळ्यात त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना टँकर लागतात. कसाऱ्याच्या लोकलने प्रवास करताना मी माणसाहून उंच जलवाहिनीच्या कडेने डोक्यावर हंडे घेऊन चाललेल्या बायका पाहिल्या आहेत. ती जलवाहिनी त्यांच्या अंगणातून जाते आणि तिच्यातला एक थेंब त्यांचा नसतो. मुंबई शहापूरला पाण्याची रॉयल्टी देते का? त्यामागचा विचारच आपल्याकडे नाही. मधे राज्याची किंवा देशाची सीमा नसल्यामुळे ते पाणी ‘सगळ्यांचं’ होतं, आणि सगळ्यांचं झालेलं पाणी ज्याच्याकडे पैसा आणि मतं जास्त त्याच्याकडे वाहत जातं.

लेसोथोकडून शिकायचं असेल तर हे आहे. मधे एक सीमा आली आणि पाणी मोजलं जाऊ लागलं, त्याला दर लागला, उगमाकडच्यांना हिस्सा मिळाला. सार्वभौम देश असल्यामुळे एका गरीब डोंगराळ राज्याला धनाढ्य शेजाऱ्याकडे बिल पाठवता आलं. शहापूरला ते अजून जमलेलं नाही. मात्र सीमेच्या आत काय झालं हे पाहिलं की मन खट्टू होतं, कारण आत लेसोथोनेही आपल्या डोंगराळ गावांशी तेच केलं जे मुंबईने शहापूरशी केलं.

कात्सेची भिंत १८५ मीटर उंच, मालिबामात्सो नदीवर. १९९५ च्या अखेरीस तलाव भरायला सुरुवात झाली आणि काही महिन्यांत काठावरच्या मापेलेंग गावाखालची जमीन हादरायला लागली. गावातून सुमारे दीड किलोमीटर लांबीची भेग गेली, घरांना तडे गेले, काही कुटुंबांना हलवावं लागलं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या पहाटेची आठवण ज्यांच्या घरात सांगितली जाते त्यांना मापेलेंगची भीती समजावून सांगायची गरज नाही. कोयनेचा भूकंप कितीतरी मोठा आणि जीवघेणा होता. मापेलेंगमध्ये सुदैवाने तशी हानी झाली नाही. पण पाण्याच्या भाराने पायाखालची जमीन हलू शकते, हे कोयनेपासून जगाला ठाऊक होतं. मापेलेंगच्या लोकांना ते हादरा बसल्यावर कळलं.

घरं बुडाली त्यांची संख्या आपल्या धरणांच्या मानाने थोडी, शेकड्यांतली. हा आकडा पुढे करून प्रकल्प मानवी दृष्टीने सौम्य होता असं सांगितलं जातं. पण डोंगरात घर वर असतं आणि जगणं खाली, नदीकाठी. दरीतली थोडीशी सपाट जमीन मक्याची. काठची झुडपं चुलीची. गुरांचं हिवाळ्यातलं कुरण तिथलंच. रानभाजीला ते ‘मोरोहो’ म्हणतात, गरिबाच्या ताटातली ती रोजची भाजी, आणि औषधी मुळ्याही तिथेच मिळत. हे सगळं गेलेल्या माणसांचा आकडा हजारोंत जातो. नदी उतरून पलीकडच्या नातेवाइकांकडे, दवाखान्यात, गिरणीवर पायी किंवा घोड्यावरून जाता येत असे. तलाव झाल्यावर तीच माणसं दोन वेगळ्या मुलखांत राहिल्यासारखी झाली. होड्या आल्या, काही पायपूल आले, पण नदी ओलांडणं आता वेळापत्रकावर आणि भाड्यावर अवलंबून राहिलं. असं नुकसान मोजायला कुठल्याच मोबदल्याच्या तक्त्यात रकाना नसतो.

मोबदला दिला गेला हे नाकारण्यात अर्थ नाही. गेलेल्या शेताबद्दल ५० वर्षं दरवर्षी धान्य किंवा रोख, अशी योजना आहे. आपल्याकडच्या एकरकमी चेकपेक्षा ती कितीतरी शहाणी. चेक लग्नात आणि कर्जात संपतो, वर्षासनाचं धान्य ताटात येतं. पण पन्नास वर्षांनी काय? जमीन तर पिढ्यान्‌पिढ्या खायला घालणार होती, आणि धरणसुद्धा पन्नास वर्षांनी बंद पडणार नाही.

इथे महाराष्ट्राने एक विचार दिला आहे आणि तो आपणच विसरतो. धरणग्रस्तांच्या लढ्यांमुळे १९७६ मध्ये राज्यात पुनर्वसनाचा कायदा आला. त्याचा गाभा साधा होता: बुडीत क्षेत्रातल्या माणसाने जमीन गमावली, लाभक्षेत्रातल्या माणसाच्या जमिनीला पाणी मिळून तिची किंमत वाढली, तर लाभक्षेत्रातल्या मोठ्या धारकाने काही जमीन धरणग्रस्ताला सोडावी. अंमलबजावणी जागोजागी लुळी पडली. कोयनेच्या धरणग्रस्तांची दुसरी-तिसरी पिढी अजून अर्ज-विनंत्या करते आहे, आणि त्यांच्या पाण्याची वीज झाली हेही त्यामागचं एक कारण, कारण विजेला लाभक्षेत्र नसतं. तरी तत्त्व सोन्यासारखं आहे. ज्याचं भलं झालं त्याने ज्याचं गेलं त्याला द्यावं. लेसोथोत अडचण अशी की लाभक्षेत्र दुसऱ्या देशात आहे. जोहान्सबर्गच्या उपनगरातल्या बागवाल्याकडून कात्सेच्या शेतकऱ्याला जमीन मिळणार नाही. मग जमिनीचं काम पैशानेच करायला हवं, आणि तो पैसा तर सीमा ओलांडून दर महिन्याला येतोच आहे. तो फक्त डोंगर चढत नाही.

तो कुठे गेला? रॉयल्टीतून गावविकासासाठी काढलेला पहिला निधी राजकीय वाटपाच्या आरोपांत रुतला आणि मोडून नवा उभारावा लागला. आणि प्रकल्पाच्या ठेक्यांत लाच होतीच. प्रकल्प चालवणाऱ्या प्राधिकरणाचे प्रमुख मासुफा सोले यांना २००२ मध्ये लाचखोरीबद्दल शिक्षा झाली. इथे मात्र लेसोथोला सलाम करावा लागतो. एवढ्याशा देशाने आपल्या अधिकाऱ्याला तर तुरुंगात घातलंच, पण लाच देणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही आपल्या न्यायालयात खेचलं. कॅनडाची अ‍ॅक्रेस इंटरनॅशनल आणि जर्मनीची लाहमायर दोषी ठरल्या, आणि पुढे जागतिक बँकेने त्यांना आपल्या कामांतून काही वर्षं बाहेर ठेवलं. श्रीमंत देशांच्या कंपन्यांना गरीब देशाने शिक्षा करून दाखवली, असं क्वचित घडतं. ज्या राज्यव्यवस्थेत एवढी धमक आहे तिला आपल्याच गावांचा वाटा ठरवता येत नाही, हे मला पटत नाही.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा, की पैसा देशाच्या तिजोरीत गेला म्हणजे वाया गेला असं कसं? लेसोथोने २००० पासून टप्प्याटप्प्याने मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. २००४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाला पेन्शन सुरू केलं. आफ्रिकेतल्या कितीतरी अधिक संपन्न देशांना हे जमलेलं नाही. ज्या देशात प्रौढांपैकी पाचात एकाच्या आसपास माणसं एचआयव्हीबाधित आहेत, जिथे आजी-आजोबांनी अनाथ नातवंडं वाढवली, तिथे त्या पेन्शनने घरं तगवली आहेत. मासेरूच्या झोपडीतली म्हातारीही मोसोथोच, म्हणजे बासोथोंपैकीच एक आहे, पाणी तिचंही आहे. हे सगळं खरं. म्हणून मी सगळी रॉयल्टी धरणकाठी द्या असं म्हणत नाही. ठरलेला वाटा म्हणतो आहे. देशाला ५६ टक्क्यांचं सूत्र करारात लिहून हवं होतं. शेजाऱ्याच्या सदिच्छेवर त्याने विश्वास ठेवला नाही. मग गावाने सरकारच्या सदिच्छेवर का ठेवावा?

दुसरा आक्षेप खर्चाचा. दहा-वीस घरांच्या विखुरलेल्या वस्त्या, खडा डोंगर, पाणी शेकडो मीटर उपसायचं. एका नळाला येणारा खर्च ऐकून कोणताही अभियंता मान हलवेल. यावर मला एवढंच म्हणायचं आहे की डोंगराच्या पोटातून ८२ किलोमीटरचे बोगदे काढणाऱ्यांनी खर्चाचं कारण जरा संकोचाने सांगावं. शिवाय सगळीकडे तलावातूनच पाणी उपसायला हवं असंही नाही. वरचे झरे बांधून काढणं, त्यांच्याभोवतीचं गवत राखणं, टाक्या, सौरपंप ही कामं लहान आहेत आणि गावाला स्वतः सांभाळता येण्यासारखी आहेत. ती होत नाहीत कारण ती कुणाच्या करारात नाहीत.

करारात कोण लिहिणार हा खरा राजकीय प्रश्न, आणि इथे राज्यव्यवस्थेकडे यावं लागतं. राजे लेत्सिए तिसरे हे घटनात्मक प्रमुख आहेत, कारभारात त्यांना अधिकार नाही. कनिष्ठ सभागृहात १२० जागा: ८० मतदारसंघांच्या, ४० प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या. ही पद्धत १९९८ च्या धड्यातून आली. त्या वर्षी एका पक्षाने ८० पैकी ७९ जागा घेतल्या, बाकीच्यांची मतं वाऱ्यावर गेली, दंगल उसळली आणि दक्षिण आफ्रिकेचं सैन्य देशात शिरलं. शिरताना ते जिथे आवर्जून गेलं त्या जागांत कात्से धरण होतं. तिथल्या चकमकीत लेसोथोचे सैनिक मारले गेले. पाणी पिणाऱ्याला तोटी कुणाच्या हातात आहे याची किती फिकीर असते ते त्या दिवशी दिसलं. नव्या पद्धतीने मतांना न्याय मिळाला, पण २०१२ पासून आघाड्या आल्या आणि कोसळल्या. एकही सरकार पाच वर्षं टिकेना, तर पन्नास वर्षांच्या धरणाचा विचार कोण करणार? २०२२ मध्ये उद्योगपती सॅम मातेकाने यांनी नवा पक्ष काढून काही महिन्यांत सत्ता मिळवली. वरिष्ठ सभागृहाच्या ३३ जागांपैकी २२ वंशपरंपरागत मुख्य सरदारांच्या. जमीन कुणाच्या खासगी मालकीची नाही. ती राष्ट्राची, आणि वाटप पूर्वापार सरदारांच्या हातून.

या सगळ्याखाली एक फार जुनी संस्था आहे: ‘पित्सो’, म्हणजे गावाची खुली सभा. मोश्वेश्वेच्या काळापासून मोठे निर्णय पित्सोत मांडले जात आणि साधा माणूस तिथे सरदाराला उलट बोलू शके. प्रकल्पवाल्यांनीही पित्सो भरवल्या, पण ठरलेलं सांगायला. आपल्याकडच्या जनसुनावण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा प्रकार पाठ आहे. रॉयल्टीचा गावाचा वाटा कशावर खर्च व्हावा हे पित्सोत ठरावं, त्याचे आकडे पित्सोत वाचून दाखवावेत, मंत्र्याच्या सहीची वाट बघावी लागू नये. बाहेरून आणलेली ही कल्पना नाही. त्यांचीच जुनी रीत आहे, तिला फक्त हिशेबाची वही द्यायची आहे.

हे आत्ताच का बोलायचं, तर लेसोथोचे बाकीचे आधार एकेक करून सुटत चालले आहेत. खाणी संपल्यात जमा. त्यांच्या जागी मासेरू आणि मापुत्सोए इथल्या कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो बायकांना काम दिलं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जीन्स तिथे शिवल्या जातात. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने या देशावर एकदम ५० टक्के आयातशुल्क जाहीर केलं, नंतर ते १५ वर आणलं, पण तेवढ्या काळात ऑर्डरी गेल्या, कारखाने थंडावले. त्याआधीच्या महिन्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष त्यांच्या संसदेत म्हणाले होते की लेसोथोचं नाव कुणी ऐकलेलंही नाही. जी बाई दिवसभर त्यांच्या देशासाठी पँटला खिसे शिवत होती तिला ते वाक्य कसं लागलं असेल? लेत्सेंगच्या खाणीतून ९१० कॅरेटचा हिरा निघतो, पण हिऱ्याने रोजगार फारसा निघत नाही. पाणी हा एकच माल असा की ज्याचं गिऱ्हाईक दुकान बदलू शकत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून देखभालीसाठी बोगदे सहा महिने बंद ठेवायचे ठरले, तेव्हा जोहान्सबर्ग ज्यात येतं त्या दीड कोटी वस्तीच्या गौटेंग प्रांतात तो काळजीचा विषय झाला. ज्याच्या हातात एवढं वजन आहे त्याने ते आपल्या सर्वांत उंचावरच्या माणसासाठी वापरायला हवं.

संधीही समोर आहे. पोलिहाली इथे, मोखोत्लोंग जिल्ह्यात, सेन्कू नदीवर (ऑरेंज नदीचं लेसोथोतलं नाव) पुढचं धरण उभं राहतंय. २०२३ मध्ये राजे लेत्सिए आणि दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांच्या उपस्थितीत कामाला आरंभ झाला. ते भरलं आणि ३८ किलोमीटरचा बोगदा कात्सेला जोडला की वर्षाला जाणारं पाणी ७८ वरून १२७ कोटी घनमीटरवर, म्हणजे पंचेचाळीस टीएमसीवर जाईल. मोबदल्याच्या तक्रारी तिथूनही येऊ लागल्या आहेत, आणि त्या कात्सेच्याच आहेत: शेताचा दर कमी, कुरणाचा हिशेब नाही, विचारलं उशिरा.

त्याच पोलिहालीत एक गोष्ट वेळेवर होते आहे. जुना रस्ता तलावात बुडणार म्हणून सेन्कूवर ८२५ मीटर लांबीचा उंच पूल आधीच बांधायला घेतला, कारण पाणी चढल्यावर खांब रोवता येत नाहीत हे सगळ्यांना कळतं. त्याच यादीत काठावरच्या प्रत्येक गावाचा नळ लिहिता येईल. प्रत्येक पित्सोचं खातं लिहिता येईल, आणि रॉयल्टीतला त्याचा टक्काही. पोलिहालीचे दरवाजे बंद करून पहिलं पाणी अडवण्याआधी या तीन गोष्टी करारात आल्या पाहिजेत. एकदा ते पाणी बोगद्याला लागलं की मोखोत्लोंगच्या बाईकडे सौदा करायला काहीच उरणार नाही, आणि तिच्या मुलीच्या डोक्यावरही तेच भांडं येईल.